आत्याची उठबस

आत्याला बघायला पुण्याहून सिस्टर येणार म्हटल्यावर आत्याने आदल्या दिवशी घरातली शहाबादी फरशी घासून काढली, ठेवणीतली साडी पेटीतून बाहेर काढली आणि शेजारणीकरवी गिरणीतून दळण आणवलं. मुलगी बघायला पाहुणे यावेत तसा सगळा थाट. मी सकाळी वारूळवाडीहून पोचले तेव्हा ती पदर सावरून ओट्यावर बसली होती.

“नवरदेव किती वाजता येणार आहेत?” मी विचारलं.

“येऊ दे की कवाबी. मला कोन पसंत करतंय या वयात,” ती म्हणाली आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. पावसाळा संपता संपता ती मोरीत घसरून पडली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मूठ अजून पुरती वळत नव्हती. आत्याला मूलबाळ नाही. तिचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, पाटबंधारे खात्यात होते. ते जाऊनही आता काही वर्षं झाली. मागे उरलो आम्ही दोघं भाचरं, मंचरला राहणारा माझा थोरला भाऊ आणि मी.

दादाने मंचरच्या घरात दुसऱ्या मजल्यावरची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती. खोलीला लागून संडास-बाथरूम, डोक्यावर पंखा, समोर टीव्ही. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. “पुन्हा पडली तर दोन दिवस कुणाला कळायचं नाही. घराला कुलूप लावू आणि तिला घेऊन येऊ,” हे त्याचं म्हणणं. आत्याचं म्हणणं याहून लहान होतं. “मी हितनं हलायची नाय.”

मी मध्ये पडले, आणि मध्ये पडणाऱ्याचं होतं तेच माझं झालं. दोघंही माझ्यावर चिडले. पण घरी येऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी माणसं पुरवणारी एक संस्था पुण्यात होती, तिचा पत्ता मीच शोधला होता. माणूस पाठवण्याआधी त्यांची सिस्टर घरी येते, म्हाताऱ्या माणसाला रोजचं काय काय जमतं आणि काय जमत नाही ते बघते आणि मग एकटं राहणं शक्य आहे की नाही ते सांगते. त्यातून निघेल ते दोघांनी मान्य करायचं, असं मी आत्याकडून आणि दादाकडून वदवून घेतलं. सिस्टर जमेल म्हणाली तर आत्या आपल्या घरात राहणार, नाही म्हणाली तर दिवाळी झाली की मंचर.

“हे बघ,” मी ओट्यावर तिच्याशेजारी बसून दटावलं, “खरं सांगायचं. सगळ्याला ‘व्हतंय की’ म्हणायचं नाही.”

“मग काय ‘नाय व्हत’ म्हनू? म्हंजे गेलेच की मी मंचरला.”

“आणि खोटं सांगून पडलीस तर झोळीत घालून न्यावं लागेल मंचरला.”

“लई जिभेची हाईस तू,” आत्या म्हणाली. जीभ मला तिच्याकडूनच आली आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

सिस्टर आली ती तिशीची मुलगी, पाठीवर सॅक, हातात टॅब. चपला बाहेर काढून आत आली आणि म्हणाली, “नमस्कार आजी.”

“जय भीम. बसा,” आत्याने घरातली एकुलती खुर्ची दाखवली. सिस्टर खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसली. आत्या पलंगाच्या कडेला टेकली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग सिस्टरने विचारायला सुरुवात केली. आंघोळ स्वतः करता का? मी म्हटलं, पाणी तापवून देते शेजारीण, बाकी तीच करते. साडी नेसता येते का? मी म्हटलं, निऱ्या खोचताना हात दुखतो. औषधं वेळेवर घेता का? मी म्हटलं, रक्तदाबाची गोळी विसरते. सिस्टरने टॅब मांडीवर ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, “ताई, तुम्ही जरा बाहेर बसाल का? घरातली माणसं जवळ असली की आजींना बोलायला मिळत नाही.”

मला राग आला. पुण्याहून बाई येते काय आणि मला माझ्याच आत्याच्या घरातून बाहेर काढते काय. पण तोपर्यंतची एकूण एक उत्तरं मीच दिली होती हेही खरं. मी उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. दार उघडं होतं, त्यामुळे कान आत ठेवायला अडचण नव्हती.

ओट्यासमोरून रस्ता जातो, जुन्नरहून लेण्याद्रीकडे. पलीकडे डोंगरात लेणी दिसतात. सुट्टीचा दिवस नव्हता तरी गणपतीला जाणाऱ्या गाड्यांची ये-जा चालूच होती. ओझर करून आलेल्या असतात, लेण्याद्री करायची असते, मग पुढे कुठे जेवायचं ते ठरलेलं असतं. या रस्त्याला कुणाला थांबायचं नसतं.

आतून सिस्टरचा आवाज आला, “जेवण स्वतः करता का आजी?”

“करते की. मला कोन भरवतंय?”

“तसं नाही हो. बनवता का स्वतः?”

“बनवायला काय. जमतंय.”

मी मनात म्हटलं, बरं चाललंय. मग सिस्टरने विचारलं, “आणि उठबस कशी आहे?”

उत्तर ऐकायला मी मान वळवून दाराकडे बघितलं.

“उठबस नाय ऱ्हायली आता,” आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. “बंदच झाली म्हना.”

“कधीपासून?”

“आमचं हे गेलं तवापास्नं कमी कमी व्हत गेली. आता तर न्हाईच.”

“मग दिवसभर कसं करता?”

“बसून ऱ्हाते. काय करनार?”

“कुणी येत नाही मदतीला?”

“कोन येतंय, बाई? समद्यांची आपापली धावपळ.”

मनगटाचं आम्हाला माहीत होतं, पण ही बाई पलंगावरून उठूच शकत नाही? आणि आम्हाला काही बोलली नाही? मी दर आठवड्याला यायचे तेव्हा ती ओट्यावरच बसलेली असायची, मी जाईपर्यंत तिथेच. मी आल्यावर चहा मीच टाकायचे, तिचा हात दुखतो म्हणून. तिला शेवटचं चालताना कधी बघितलं ते आठवायला लागले, आणि मला आठवेना. आदल्या दिवशी तिने घासलेली फरशी, मघाशी ओट्यावरून पलंगापर्यंत चालत गेलेली ती, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं.

मी अंगणात जाऊन दादाला फोन लावला. “दादा, तिची उठबस बंद आहे. स्वतः सांगितलं तिने आत्ता सिस्टरला.”

दादा म्हणाला, “मी सांगत होतो ना. रडू नकोस आता. भाऊबीज झाली की गाडी घेऊन येतो. तोवर तू थांब तिथे.”

मी रडत नव्हते, पण तो म्हणाल्यावर रडायला आलं. त्या घरासाठी आलं, आत्यासाठी आलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या रंगवलेल्या खोलीसाठीही आलं. फोन ठेवून तोंड पुसलं आणि आत गेले. सिस्टर टॅबवर काहीतरी लिहीत होती, चेहरा गंभीर. पलंगावर आत्या नव्हती.

“आजी कुठे गेल्या?” सिस्टरने मान वर करून मलाच विचारलं.

स्वयंपाकघरातून लायटरचा खटखट आवाज आला. एकदा पेटला नाही, मग पेटला. आम्ही दोघी तिथे जाऊन बघतो तर आत्या ओट्याशी उभी, डाव्या हाताने गवती चहा चुरगाळून पातेल्यात टाकतेय.

“आजी, तुम्ही उठलात?” सिस्टर म्हणाली.

“मग? घरी पावनं आलंय, चहा कोन देनार? ही तर भाईर फोनवर गप्पा मारत बसलीय.”

“पण तुम्ही तर म्हणालात उठबस बंद आहे.”

“बंद न्हाई तर काय?” आत्याने चमच्याने पातेल्याच्या कडेला टकटक केलं. “आगं, या घरात माझ्या चुलीला इसावा नव्हता. बाजाराच्या दिवशी डोंगरातली मानसं खाली यायची, कुनी तहशीलीत, कुनी दवाखान्यात. एसटी चुकली की मुक्काम माझ्याकडं. भाचरं सुट्टीला. यांच्या खात्यातली मानसं. आल्यागेल्याची उठबस करता करता दिस मावळायचा. आता समद्यांकडं फटफट्या झाल्यात. आले, काम केलं, गेले. हात करत्यात लांबूनच.”

मी दाराच्या चौकटीला टेकले आणि मला हसू आवरेना. गुडघ्यांचं विचारलं होतं आणि ती पाहुण्यांचं सांगत बसली होती. सिस्टर शहरातली, तिचं एक वेळ ठीक. पण ज्या उठबशीत मी वाढले, त्या घराच्या ओट्यावर बसून मलाही तो शब्द कळू नये? हसता हसता मी दादाला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, “तुम्हा बायकांचं काय चाललंय मला कळत नाही,” आणि त्याने फोन ठेवला.

सिस्टर मात्र हसली नाही. तिने टॅब बाजूला ठेवला, चहा घेतला, चांगला झालाय म्हणाली आणि कप हातात धरूनच स्वयंपाकघर बघायला लागली. मांडणीवरची भांडी लख्ख होती. तवा लख्ख होता. पिठाचा डबा गच्च भरलेला, कालच्या दळणाचा. फळीवर खारीची मोठी पिशवी, अर्धी संपलेली, आणि तिच्यामागे तशीच एक रिकामी.

“आजी, परवा काय जेवलात?”

“परवा... चहा-खारी खाल्ली व्हती.”

“आणि त्याच्या आदल्या दिवशी?”

आत्या पदराने ओटा पुसायला लागली, स्वच्छ असलेला.

“भाकरी शेवटची कधी केलीत?”

“एकटीसाठी काय तवा तापवायचा,” आत्या म्हणाली. “कुनी आलं तर करते की. जमतंय मला. थापायला येळ लागतो, पन जमतंय.”

सिस्टरने सॅकमधून छोटा वजनकाटा काढला. आत्या भिंतीला धरून त्यावर उभी राहिली. मग हात मोडला तेव्हाच्या दवाखान्याच्या कागदावरचं वजन सिस्टरने शोधून काढलं आणि दोन्ही आकडे माझ्यासमोर धरले. माझं हसू तिथेच थांबलं. ठेवणीतली साडी इतकी सैल का दिसतेय, हे सकाळपासून माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि मी तिला नवरदेवावरून चिडवत होते.

बाकीची तपासणी सिस्टरने आत्याला बोलायला न लावता, करायला लावून केली. पलंगावरून उठून दाखवा, मोरीपर्यंत जाऊन या, हा डबा फळीवरून काढा, मागच्या दाराने संडासापर्यंत चला. आत्याला सगळं जमलं. सावकाश, कुठे चौकट धरून, कुठे भिंत धरून, पण जमलं. संडासापाशी सिस्टरने दाराला आतून कडी न लावण्याचं वचन घेतलं. आत्या म्हणाली, “या वयात काय चोरून नेनार हाय कोन?”

जाताना सिस्टर मला म्हणाली, “मोरीत पकडायला दांडी बसवा, बसून आंघोळ करायला स्टूल द्या. आजी एकट्या राहू शकतात. पण एकट्या जेवू शकत नाहीत. दुपारी कुणीतरी यायला हवं. भरवायला नको, बनवायलाही नको. समोर बसून जेवणारं माणूस हवं.”

दादाला ते पटायला वेळ लागला. समोर बसून जेवायला माणूस ठेवायचा, हे काय काम झालं का, असं त्याचं म्हणणं होतं. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द तो मोडत नाही. त्याने पोरं पाठवून मोरीत स्टीलची दांडी बसवून घेतली. फिट बसली का ते बघायला स्वतः आला आणि लोंबकळून बघितलं.

संस्थेने दुपारसाठी एक बाई शोधून दिली, पण खरी अडचण आत्याची होती. “मला बाई नको,” ती म्हणाली. “मी काय अंथरुनाला खिळलेय? बाईच्या हातचं खायला?”

“तू तिच्या हातचं खाऊ नकोस,” मी म्हटलं. “तिला वाढ. जवळच्याच वाडीतली आहे, दुपारी उन्हाचं चालत येणार. उपाशी पाठवशील?”

“म्हंजे पावनीच की.”

“पाहुणीच.”

“मला येडी समजतीस व्हय गं?” आत्या म्हणाली. तिला सगळं कळलं होतं, आणि तिने हो म्हटलं.

आठवडाभरात त्या बाईचा मला फोन. “ताई, मला कामावर ठेवलंय का जेवायला? आजी काईच करू देत नाईत. मी येते तवा ताट वाढून बसलेल्या असत्यात. भांडी घासाया घेतली तर ओढून घेत्यात. म्हनत्यात, पावन्यानं भांडी घासायची नसत्यात.”

“आणि आजी जेवतात का?”

“तर! माझ्या आधी बसत नाईत, पन बसल्या की दीड भाकरी.”

मी तिला म्हटलं, बाई, तू अगदी बरोबर काम करते आहेस, असंच चालू दे. तिला ते पटलं नसावं. पण साडी नेसवताना आत्या हळूहळू तिला हात लावू द्यायला लागली आणि गोळीही तिच्या हातून घ्यायला लागली. जेवल्यानंतर पाहुणीने केलेली मदत चालते, असा काहीतरी हिशेब तिने लावला होता.

भाऊबीजेला आम्ही दोघं आत्याकडेच जमलो. जेवणं झाल्यावर दादाने विषय काढला. नाही म्हटलं तरी खोली तयार होती आणि त्याच्या मनातून गेली नव्हती. “आत्या, आज जमतंय, मान्य. पण कधी न्यायचं तुला, ते तरी ठरवू दे.”

मला वाटलं ही आता फणा काढणार. पण ती शांत होती. पानाचा विडा तोंडात घोळवून म्हणाली, “ठरलंय माझं. आल्यागेल्याला चहा द्यायला ज्या दिवशी उठता येनार न्हाई, त्या दिवशी यीन मी. तुजी खोली हाय ना? यीन. रडायची बी न्हाई. पन तवर मला कुनी इचारायचं न्हाई.”

दादा “बरं” म्हणाला. सिस्टरच्या टॅबमध्ये इतके प्रश्न होते, पण आत्याने स्वतःसाठी एकच ठेवला होता. तेव्हा मला तो सोपा वाटला होता.

ती पाहुणी रविवारी येत नाही, म्हणून रविवार माझा. परवाच्या रविवारी दुपारी मी गेले तेव्हा आत्या पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. आम्ही जेवलो, थोडं पडलो, ऊन कलल्यावर इकडचं तिकडचं बोलत बसलो. मग ती म्हणाली, “थांब, चहा टाकते.” पलंगाच्या कडेवर तळहात रोवला, अर्धी उठली आणि परत खाली बसली.

“बस गं, मी टाकते.” हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कुणाच्याही घरी आपण दिवसातून कितीदा म्हणतो असं. पण त्या घरात त्या वाक्याचा अर्थ मंचर असा होता. मी ते गिळलं. उठून तिला हात द्यावा म्हणून माझे पाय शिवशिवत होते, ते मी मांडी घालून आवळून धरले. मला भीती वाटत होती, रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता, कारण ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही बघितलं नाही. सोललेले वाटाणे ताटलीत उगाच सारखे करत बसले.

तिने पुन्हा तळहात रोवला. या वेळी ती उठली. उभी राहून जरा थांबली, चौकट धरली आणि आत गेली. लायटरचा आवाज आला. गवती चहाचा वास आला. बऱ्याच वेळाने ती दोन्ही हातांनी कप धरून बाहेर आली. कप अर्धाच भरलेला होता, बशीत एकही थेंब नव्हता.

“सांडंल म्हनून कमी आनलाय,” ती म्हणाली. “पातेल्यात हाय अजून. लागला तर सांग.”

मी तो दोन घोटांत संपवला. जीभ पोळली.

“दे की अजून,” मी म्हणाले, आणि कप पुढे केला.